आभा उघडतं, पण आत दवाखान्याचे कागदच नाहीत: कुठं अडतं आणि कसं सोडवायचं

बीड जिल्ह्यात धारूरला माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला ही रोजची कामं. त्यात गेल्या काही वर्षांत एक काम वाढलंय. महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये ऑपरेशन झालेला पेशंट, नाहीतर त्याचा पोरगा, आभा अ‍ॅप उघडून मोबाइल काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ह्यात दवाखान्याचे कागद दिसतेत म्हणले, पण काहीच दिसंना." हेच गाऱ्हाणं इतक्यांदा सोडवलंय की आता लिहूनच ठेवतो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

तुमचं गाऱ्हाणं यातलं कोणतं, ते आधी बघा.

अ‍ॅप उघडतं, नाव-फोटो बरोबर आहे, पण रेकॉर्डची जागा रिकामी.

दवाखान्याचं नाव शोधलं तर यादीत येतच नाही.

नाव येतं, पण रेकॉर्ड सापडलं नाही असा निरोप येतो.

सापडलं म्हणतं, पण ओटीपी येत नाही, किंवा भलत्याच माणसाच्या मोबाइलवर जातो.

मागच्या साली दाखवलेलं दिसतं, औंदाचं दिसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे, दिसतं ते दुसऱ्याचंच.

यातली निम्म्याहून जास्त प्रकरणं मोबाइलमधली नसतातच. दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीवर जो नंबर, जे नाव आणि जे वय सांगितलं गेलं, तिथं घोळ झालेला असतो. लोक मात्र अ‍ॅप काढतात, परत टाकतात, फोन बदलतात, पोराला शिव्या देतात.

आणि हो, पेशंट आत्ता अ‍ॅडमिट असेल तर हे काहीच करत बसू नका. कागदी फाइल घेऊन जा. नसेल तर घरातल्या कुणाला तरी डिस्चार्ज कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सांगा. अ‍ॅपचं काम पेशंट घरी आल्यावर.

हातात कोणतं कार्ड आहे

पहिली तपासणी फुकटची आणि एका मिनिटाची. आयुष्मान कार्ड वेगळं, आभा वेगळं. आयुष्मान कार्ड म्हणजे उपचाराचा हक्क. केंद्राची योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार आहे. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं ते वय वंदना कार्डही हक्काचंच कार्ड. आभा मात्र कागदपत्रांचा पत्ता आहे. त्यावर १४ आकडी नंबर असतो, आणि त्यावर एका पैशाचाही उपचार मिळत नाही.

हे आधी का बघायचं? आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आयुष्मान कार्ड काढायच्या अ‍ॅपमध्ये रिपोर्ट शोधत असतं. तिथं ते मिळायचे नाहीत. उलटंही होतं. एक मामा आभा कार्ड लॅमिनेट करून दवाखान्यात घेऊन गेले आणि "ह्याच्यावर ५ लाखाचं होतंय" म्हणून आरोग्यमित्राशी, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाशी, भांडून आले. आभा नसेल तर आधारवरून फुकट निघतं. त्याचे पैसे कुणी मागत असेल, मी धरून, तर देऊ नका. प्रिंटचे आणि लॅमिनेशनचे दहा-वीस रुपये घेतले तर तेवढं चालतं.

अ‍ॅप खरं आहे का, रेंज आहे का

प्ले स्टोअरमध्ये आभा शोधलं की सारख्याच नावाची चार अ‍ॅपं पुढं येतात. खाली नॅशनल हेल्थ अथॉरिटी असं लिहिलेलं असेल तेच घ्या. बाकीच्यांत आधार नंबर टाकू नका.

रेंजचं हसण्यावारी नेऊ नका. आमच्या बालाघाट डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर ओटीपीचा मेसेज दहा मिनिटांनी पोहोचतो, तोवर त्याची मुदत संपलेली असते. मग माणूस पुन्हा मागवतो, आणि आधी मागवलेला जुना आकडा नव्या खिडकीत टाकतो. दोन-तीनदा चुकलं की खातं थोड्या वेळासाठी अडतं. टेकाडावर जा, नाहीतर बाजाराच्या दिवशी गावात आल्यावर करा. ओटीपी एकदाच मागवा आणि थांबा.

एकाच माणसाचे दोन आभा

२०२१ मध्ये कोविडची लस घेताना ज्यांनी आधार दाखवलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा हेल्थ आयडी तेव्हाच तयार झाला होता. त्यालाच पुढं आभा म्हणायला लागले. माणसाला पत्ताच नाही. पुढं पोरानं हौसेनं मोबाइलवर नवा आभा पत्ता काढला, आणि दवाखान्यात सिस्टरनं तिसराच काढून दिला.

आभाचा १४ आकडी नंबर एक असला तरी त्याच्यासोबतचा पत्ता, तो ईमेलसारखा, अ‍ॅट एबीडीएमनं (@abdm) संपणारा, एकाहून जास्त असू शकतो. दवाखान्यानं कागद एका पत्त्याला जोडले आणि तुम्ही दुसऱ्या पत्त्यानं आत गेलात, तर जागा रिकामीच दिसणार. म्हणून मोबाइल नंबर टाकून लॉगिन करताना जी नावांची यादी येते ती घाईत ओलांडू नका. एकाच सिमवर सासू, सून, नातू सगळ्यांचे पत्ते असतात. प्रत्येक पत्ता एकेकदा उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात "कागद गायब" झालेल्यांतले कितीतरी इथंच सापडलेत.

दवाखाना जोडलेला आहे का, आणि उपचार कधीचा

लोकांना वाटतं, सगळे रिपोर्ट दिल्लीला एका मोठ्या कपाटात ठेवलेत आणि आपल्याकडं त्याची किल्ली आहे. तसं नाही. कागद दवाखान्याच्याच संगणकात राहतात. तुम्ही परवानगी दिली की अ‍ॅप तिथून मागवून दाखवतं. म्हणजे तो दवाखाना आभाच्या जाळ्यात नोंदलेला हवा, त्याचं सॉफ्टवेअर त्याला जोडलेलं हवं आणि तुमचा कागद त्या सॉफ्टवेअरमध्ये खरंच भरलेला हवा. योजनेच्या यादीत असलेला दवाखाना या जाळ्यातही असेलच असं नाही. दोन्ही नोंदण्या वेगवेगळ्या आहेत.

अ‍ॅपमध्ये दवाखान्याचं नाव शोधा. मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा, तालुक्याचं नावही टाकून बघा. तरी आलं नाही, तर इथंच थांबा. तुमच्या मोबाइलचा काही दोष नाही, आणि माझ्याकडंही त्याला इलाज नाही. आहे तो कागद फोटो काढून अ‍ॅपमध्ये स्वतः चढवता येतो, डिजिलॉकरमध्येही ठेवता येतो. तेवढं करा.

तारखेचंही बघा. आभा ज्यातलं, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. आपल्याकडची फुले योजना त्याच्या कितीतरी आधीची. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातलं एकटं नांदेड होतं. त्या काळात हृदयाचं ऑपरेशन झालेले लोक आजही त्या वेळच्या अँजिओग्राफीचा कागद अ‍ॅपमध्ये शोधतात. तो तिथं येणार नाही. पत्र्याच्या पेटीतली फाइल काढा आणि फोटो काढा. फोटो काढताना कागद उन्हात सपाट धरा, चारही कोपरे आले पाहिजेत, आणि सोनोग्राफीचा तो गुळगुळीत कागद आधी घ्या, कारण त्याच्यावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडते. एक्स-रे, एमआरआयची फिल्म अ‍ॅपमध्ये येईल या भरवशावर राहू नका. बहुतेक वेळा नुसता लेखी रिपोर्ट येतो. फिल्म जपा.

जोडलेला कागद काल दिसत होता आणि आज उघडत नाही, असं झालं तर दवाखान्याचा सर्व्हर बंद असेल. उद्या बघा.

केसपेपरवर कुणाचा नंबर आहे

आता खरी जागा. इथं वेळ द्या.

अ‍ॅपमधून दवाखान्याला विचारणा जाते तेव्हा तिथला संगणक तुमचा मोबाइल नंबर, नाव, स्त्री की पुरुष आणि जन्मसाल आपल्या नोंदीशी ताडून बघतो. जुळलं तर ओटीपी पाठवतो, आणि तो जातो दवाखान्याकडं नोंदलेल्या नंबरवर. तुम्ही अ‍ॅप उघडलेल्या नंबरवर नाही. एवढं ध्यानात आलं की चार गाऱ्हाण्यांचा उलगडा होतो.

आमच्या तालुक्यातला एक ऊसतोड कामगार, फडावर असताना पोटात दुखून पडला. रात्री मुकादमानं आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवर विचारलं, मोबाइल नंबर? मुकादमानं स्वतःचा सांगितला. वय? "घ्या चाळीस." नाव? गावात ज्या नावानं हाक मारतात ते. ऑपरेशन झालं, योजनेत बसलं, माणूस बरा झाला. पुढं चार महिन्यांनी बायको मोबाइल घेऊन माझ्याकडं आली, तर अ‍ॅप म्हणतंय असा पेशंटच नाही. कसा असेल? आधारवर नाव वेगळं, साल वेगळं, नंबर मुकादमाचा. आणि मुकादमाशी तोवर उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या) पैशांवरून वाजलेलं, तो फोनच घेईना.

म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर समोर ठेवा आणि आधारशेजारी धरून चार गोष्टी वाचा.

मोबाइल नंबर. नुसता तुमचा असून भागत नाही, चालू हवा. ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढं तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात जाणाऱ्यांचं हे हमखास होतं. गावाकडचं सिम डब्यात राहतं.

नाव. बायकांच्या बाबतीत आधार माहेरच्या नावाचं, रेशन कार्ड सासरच्या नावाचं, आणि दवाखान्यात योजनेसाठी रेशन कार्ड पुढं केलेलं. स्पेलिंगचा थोडा फरक चालून जातो, अख्खं आडनाव बदललं तर नाही.

जन्मसाल. आमच्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. तारखेनं फारसं बिघडत नाही, साल चुकलं की बिघडतं. अंदाजानं सांगितलेल्या वयातून संगणक साल काढतो, ते आधारशी कसं जुळणार?

केसपेपर नंबर. त्याला कुठं यूएचआयडी म्हणतात, कुठं नोंदणी क्रमांक. शोधताना अ‍ॅप हा नंबर मागतं, बहुतेक लोक ती चौकट रिकामी सोडतात. भरा. एकाच नावाची तीन माणसं असतील तर यानंच सुटतं.

नंबर नातेवाइकाचा निघाला आणि तो माणूस जवळचा असेल, तर सोपं आहे. त्याला शेजारी बसवून ओटीपी विचारून घ्या. फोनवर ओटीपी सांगायची सवय लावू नका, आज भाच्याला सांगितला की उद्या "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही सांगितला जातो.

खिडकीवर दुरुस्ती

नंबर दुसऱ्याचा आणि तो माणूस हाताशी नाही, तर दवाखान्यात जावं लागतं. खास फेरी करू नका, फेरतपासणीच्या तारखेलाच करा. भाडं खर्चून नुसतं याच्यासाठी अंबाजोगाईला किंवा लातूरला जाणं मला पटत नाही.

जाताना आधार, डिस्चार्ज कार्ड आणि आभाचा नंबर न्या. केसपेपर निघायच्या आधी म्हणा: "माझा मोबाइल नंबर बदला आणि आभा जोडा." नंतर म्हणालात तर मागं रांग असते आणि ऐकणारं कुणी नसतं. काही दवाखान्यांत खिडकीपाशी क्यूआर कोड लावलेला असतो. तो आभा अ‍ॅपमधून स्कॅन केला की नाव, साल, नंबर सरळ तिथल्या संगणकात जातो आणि टोकन मिळतं. लिहिणाऱ्याची चूक व्हायला जागाच राहत नाही. रांगही वाचते, हे वेगळंच.

एकदा दवाखान्यानं आपल्या बाजूनं आभा जोडलं की पुढचे कागद आपोआप येत राहतात. औंदाचं दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच, की औंदा नवा केसपेपर निघाला आणि त्यावर आभा टाकायचं राहिलं. डायलिसिसच्या पेशंटांनी तर पहिल्या आठवड्यातच हे करून घ्यावं. त्यांचे कागद आठवड्याला वाढत जातात.

आरोग्यमित्राला विचारा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम योजनेतली मंजुरी आणि कागदपत्रं. मंजुरीसाठी त्यानं जे पोर्टलवर चढवलं ते तुमच्या आभात आपोआप येतं असं नाही. चांगला असेल तर योग्य खिडकी दाखवेल.

जोडण्याआधी एक प्रश्न

मोबाइल कुणाचा? हे मी प्रत्येक बाईला एकटीला विचारतो, सोबत कुणी आलेलं असेल तर त्याला झेरॉक्सला पाठवून. गर्भपात, टीबी, मानसिक आजाराच्या गोळ्या हे सगळं त्या अ‍ॅपमध्ये येतं, आणि अ‍ॅप दिराच्या फोनवर असेल तर घरभर होतं. जोडायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नको असेल तर कागदावर राहू द्या, उपचार त्यावाचून अडत नाही. दुसऱ्या डॉक्टरची परवानगीची विनंती अ‍ॅपमध्ये आली तर कोणते कागद आणि किती दिवसांसाठी हे वाचूनच हो म्हणा. दिलेली परवानगी मागंही घेता येते.

आधारचीच चूक असेल तर

आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला असेल किंवा साल चुकलेलं असेल, तर वरचं सगळं करून उपयोग नाही, आणि हे काम माझ्या केंद्रावर होत नाही. आधार नोंदणी केंद्रावर ठसे द्यावे लागतात. नुसता मोबाइल नंबर बदलायचा असेल तर पोस्टमनकडूनही होतं, पोस्टात विचारा. नाव आणि जन्मतारीख बदलायला पुरावा लागतो आणि ती कितीही वेळा बदलून मिळत नाही, म्हणून रेशन कार्ड, मतदान कार्ड, शाळेचा दाखला यांत काय आहे ते आधी बघून एकच ठरवा.

इथं थांबा

दवाखाना कागदच देत नसेल, ना अ‍ॅपमध्ये ना हातात, तर अ‍ॅपशी झटापट बंद करा आणि साधा लेखी अर्ज द्या. पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरनं मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं असतं. अर्जात नियमाचा उल्लेख केला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी दोन-तीनदा पाहिलंय. तरी नाही दिलं, तर फुले योजनेचा १५५३८८ किंवा आयुष्मानचा १४५५५ लावा.

अ‍ॅपमध्ये दुसऱ्याचे रिपोर्ट दिसले तर तिथंच थांबा. पुसू नका, कुणाला पाठवू नका. पडद्याचा फोटो घेऊन दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात दाखवा आणि आभाच्या १४४७७ वर तक्रार नोंदवा. नोंदी एकमेकांत मिसळल्या असतील तर रक्तगट आणि औषधांची अ‍ॅलर्जीसुद्धा मिसळलेली असू शकते. हे मी सोडवत नाही, तुम्हीही सोडवू नका.

ओटीपी सांगून बसलात आणि खात्यातून पैसे गेले, तर माझ्याकडं यायच्या आधी १९३० लावा. त्यात तासांचा हिशोब असतो.

आणि कागद सापडल्यावर क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) आकडा दिसला की लोक मलाच विचारतात, "भाऊ, हे लई वाढलंय का?" मी मोबाइल परत देतो. अ‍ॅपमधला आकडा बघून गोळी बंद करू नका, वाढवू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच दाखवा.